हळद, रसायनशास्त्र आणि भाव

कुणीतरी लिहिलंय की लिबरल आर्ट्स, म्हणजे वेगवेगळ्या शाखांचे विषय एकत्र शिकणं, हे मोठ्या शहरातल्या पैसेवाल्यांचे चोचले. अजिबात पटलं नाही. माझी पुतणी सांगलीत रसायनशास्त्र शिकते. 2020 च्या शैक्षणिक धोरणामुळे जोडीला अर्थशास्त्र मायनर, म्हणजे दुय्यम विषय म्हणून, घेता आलं. हळदीला पिवळा रंग देणारं कुरक्युमिन प्रयोगशाळेत मोजायचं आणि वेळ मिळाला की मार्केट यार्डात सौदे बघायला जायचं! परवा पिवळ्या बोटांनीच जेवायला बसली आणि म्हणाली, "काका, रंग इतका चांगला, मग आपल्या पोत्याला भाव कमी का?" सांगा, हा प्रश्न कुठल्या एका विषयाच्या पुस्तकात बसतो? पुस्तक आणि बाहेरचं काम यांची सांगड तर कर्मवीर अण्णांनी (भाऊराव पाटलांनी) साताऱ्यात 'कमवा आणि शिका'मधून कधीच घालून दाखवली. फक्त मायनरलाही पूर्णवेळ प्राध्यापक द्या. तासिका तत्त्वावरचे सर सत्राच्या मध्येच सोडून गेले, तिचे दोन महिने वाया गेले.