उंचीची भीती आणि स्टॅच्यू ऑफ युनिटी: गॅलरीत जावं का?

इंदिरानगर_नाशिक
दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे पाच जण गाडीने एकतानगरला निघालोय. वणी, सापुतारा, वघई करत राजपिपळ्याला उतरायचं. पुतळ्याच्या छातीपाशी जी गॅलरी आहे तिची तिकिटं नवऱ्याने काढलीत, त्यात माझंही आहे.

मला उंचीची भीती आहे. तिसऱ्या मजल्यावर कपडे वाळत घालताना मी बाल्कनीच्या कठड्यापर्यंत जात नाही, काठीने दोरी ओढून घेते. कठड्याशी गेलं की तळपायांना मुंग्या येतात आणि गुडघ्यांतलं बळ जातं. सप्तशृंगीला ट्रॉलीने जातानाही सासूबाईंचा हात धरून डोळे मिटून बसले होते.

आजवर "तुम्ही या जाऊन, मी पिशव्या सांभाळते" म्हणून खाली थांबायचे. पण या उन्हाळ्यात धाकटी (वय ९) बागेतल्या घसरगुंडीच्या शिडीवर अर्ध्यात थांबली आणि म्हणाली, "आईसारखं मलाही होतंय." ते वाक्य डोक्यातून जात नाही. मी वर जाऊन तिच्यासमोर थरथरले तर? आणि नाही गेले तर ती काय शिकेल? गॅलरी नक्की कशी आहे? कुणी भीती असताना जाऊन आलंय का?

पंचवटीकर
ताई, मी जाऊन आलोय, आणि मलाही हाच त्रास आहे. गॅलरी चारी बाजूंनी बंद आहे. उघडा कठडा कुठेच नाही. बाहेर बघायचं ते जाळीच्या फटींतून. मला मोकळ्या गच्चीची भीती वाटते, जाळीमागे तेवढी वाटली नाही. गर्दी मात्र असते, लोक फोटोसाठी ढकलत पुढे येतात. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर लगेच जाळीपाशी जाऊ नका. आतल्या भिंतीला हात लावून उभ्या राहा, समोरच्या माणसाच्या शर्टाकडे बघा, श्वास सावकाश सोडा. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. नंतर लांबच्या डोंगरांकडे बघा. सरळ खाली पहिल्यांदा बघू नका.

निवृत्त_सिव्हिल
"पुतळा हलेल का" ही भीती मनात असेल तर थोडं सांगतो. उंची १८२ मीटर. वरचं ब्राँझ हे आवरण आहे, भार पेलतात ते आतले काँक्रीटचे दोन दंडगोल गाभे. लिफ्ट त्यांतूनच जाते, त्यामुळे वर जाताना बाहेरचं काही दिसत नाही. तुम्हाला ते बरंच पडेल. वाऱ्याने येणारं डोलणं कमी करायला प्रत्येकी २५० टनांचे दोन डँपर बसवलेत.

आणि उंचीवर पाय का लटपटतात तेही सांगतो, मला हे कळल्यावर फार फरक पडला. उभं असताना आपण सगळेच किंचित डोलतो. जवळची वस्तू दिसत असली की डोळे ते डोलणं टिपतात आणि शरीर सावरतं. उंचावर जवळ काहीच नसतं, डोळ्यांचा आधार सुटतो. म्हणून भिंतीला बोट जरी टेकवलं तरी पाय स्थिर होतात.

दोन_लेकींची_आई
माझं मत थोडं वेगळं. वर जायलाच हवं असं अजिबात नाही. पुतळ्याच्या पायांपर्यंत जाता येतं, आणि तिथून मान वर करून बघताना तो जेवढा मोठा वाटतो तेवढा वरून वाटत नाही, वरून तो दिसतच नाही! आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांचं हे काम, ते मुलींना पायांशी उभं राहून दाखवा.

धाकटीला मात्र आजच सांगा, "मला भीती वाटते, मी थोडं थोडं करून बघणार आहे." मुलांना आपली भीती दिसतेच. आपण तिचं काय करतो तेही दिसू दे. निघायच्या आधी तिला घेऊन पांडवलेणीच्या पायऱ्या चढून या. दमलात तर मध्ये बसा. भीती उतरेपर्यंत तिथेच थांबायचं, भीतीच्या भरात पळत खाली यायचं नाही.

आणि कूस बदलताना किंवा मान वळवताना घर फिरत असेल तर ते वेगळं, आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

इंदिरानगर_नाशिक
आलो जाऊन. आधी तीन रविवार पांडवलेणी केली. पहिल्यांदा अर्ध्यात बसलो, धाकटीने महामार्गावरचे ट्रक मोजले. तिसऱ्यांदा लेण्यांपाशी पोचलो आणि मी कठड्यापासून दोन हात लांब उभी राहू शकले.

गॅलरीत लिफ्टचं दार उघडलं तेव्हा पाय गेलेच. भिंत धरली. धाकटीने विचारलं, "होतंय का?" मी म्हटलं, "होतंय." ती माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली, ताई आणि बाबा पुढे गेले. बऱ्याच वेळाने मी जाळीपर्यंत गेले आणि नर्मदा पाहिली, धरणाची भिंत पाहिली. खाली नाही बघितलं. सासूबाईंना आणि मला आधी उतरायचं होतं, आम्ही उतरलो. धाकटी ताईबरोबर वर थांबली, स्वतःहून.

पायांपाशी खरंच जास्त वेळ गेला. जाणार असाल तर सोमवारी बंद असतं, तारीख बघून तिकीट काढा.