शिंजीर, शिंपी, वटवट्या : लहान पक्ष्यांचे फोटो शार्प का येत नाहीत?

पानवाट :
क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) २४ मेगापिक्सेल कॅमेरा, १००-४०० मिमी झूम. ४०० ला लेन्स एफ ५.६ पर्यंत उघडते (एफचा आकडा लहान, तितकी लेन्स जास्त उघडी). बगळे, पारवे व्यवस्थित येतात. शिंजीर, शिंपी, वटवट्या मात्र शंभरात पाच-दहाच धड निघतात. सेटिंग असं : अॅपर्चर प्रायॉरिटी (एफ मी ठरवतो, शटर कॅमेरा ठरवतो), एफ ८, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ४००, शटर १/२५० सेकंदाच्या आसपास, सगळे फोकस पॉइंट चालू, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) चालू. लेन्स खराब आहे की माझं काही चुकतंय?

कवडसा :
लेन्सवर संशय घेण्याआधी बिघडलेले फोटो १०० टक्के मोठे करून बघा. फांदी आणि पक्षी दोन्ही एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसले तर हात हलला. फांदीची साल स्वच्छ, पण पक्ष्याचं डोकं पुसट, तर पक्षी हलला. पक्षी पुसट आणि मागचं पान मात्र शार्प, तर फोकस चुकला.

१/२५० ला बहुतेक वेळा पक्षीच हललेला असतो. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, पक्ष्याची मान नाही. एफ ५.६ करा, शटर १/१६०० ठेवा. तुम्ही सांगितलेल्या त्याच उजेडात त्यासाठी आयएसओ १२५० च्या आसपास लागेल. त्याला घाबरू नका. नॉइज (आयएसओ वाढल्यावर फोटोत दिसणारे दाणे) नंतर कमी करता येतो, हललेला डोळा परत आणता येत नाही. मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ (एफ आणि शटर तुम्ही ठरवायचं, आयएसओ कॅमेरा ठरवतो) ही जोडी या कामाला सगळ्यात सोयीची.

फोकस सतत बदलणाऱ्या मोडवर आणि एकाच लहान पॉइंटवर आणा, पॉइंट डोळ्यावर. सगळे पॉइंट चालू असले की कॅमेरा जवळची किंवा जास्त ठळक काडी पकडतो, आणि झुडपात काड्याच जास्त! पक्ष्याचा डोळा ओळखणारा फोकस असेल तर जरूर वापरा, पण दाट पानांत तोही फसतो.

पानवाट :
लेन्स जास्त उघडली की शार्प भागाची खोली कमी होते ना? मग एफ ५.६ ला अर्धा पक्षी फोकसबाहेर जाणार नाही का?

कवडसा :
५ मीटरवर, ४०० मिमी आणि एफ ५.६ ला, साधारण साडेतीन सेंटिमीटर खोली शार्प मिळते. पक्षी आडवा बसला असेल तर तेवढी पुरते. तोंड तुमच्याकडे असेल तर शेपूट पुसट होईल, होऊ द्या. डोळा शार्प हवा.

रानझरा :
सेटिंग पटलं, पण मूळ अडचण अंतराची आहे. दहा सेंटिमीटरचा शिंजीर १० मीटरवर असेल तर ४०० मिमीला सेन्सरवर जेमतेम ४ मिलिमीटर उमटतो, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यात लांबीला सुमारे हजार पिक्सेल. ५ मीटरवर याच्या दुप्पट. नंतर फोटो कापून (क्रॉप करून) ही भरपाई होत नाही.

पक्ष्यामागे चालत जाऊन हे अंतर कमी होत नाही, तो पुढच्या झाडावर जातो. फुललेलं झुडूप शोधा, सूर्य पाठीशी घ्या, चार-पाच मीटरवर खाली बसा आणि थांबा. शिंजीर त्याच फुलांवर पुन्हा येतो. माशीमार तर माशी टिपून बऱ्याचदा त्याच काडीवर परततो, त्यामुळे फोकस आधीच काडीवर लावून ठेवता येतो. मागची झाडं जितकी लांब, तितकी पार्श्वभूमी मऊ.

शिंजीर नराचा निळा-जांभळा रंग पिसांच्या रचनेतून येतो. उजेडाचा कोन जुळला नाही तर तो नुसता काळा दिसतो, एडिटिंगमध्ये ती चमक आणता येत नाही. उन्हाचा ताव चढला की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि दूरचा फोटो कुठल्याही लेन्सने पुसटच येतो. म्हणून सकाळचे पहिले दोन तास.

गवतफूल :
एक राहिलं. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. नराला वाटतं दुसरा नर हद्दीत शिरला, आणि खाणं, पिल्लं सोडून तो त्याला शोधत बसतो. घरट्यापासून लांबच राहा. शिंप्याचं घरटं पानं शिवून केलेलं असतं. समोरचं पान फोटोसाठी बाजूला केलंत तर पिल्लांवर ऊन येतं आणि कावळ्याला घरटं दिसतं. चोचीत अळी धरून पक्षी ओरडत नुसता थांबला असेल, तर तुम्ही घरट्याच्या फार जवळ आहात. तिथून लगेच मागे या.