मदत हवी आहे: संपत्तीकर-वाढीला मर्यादा मागतोय, पण वारसांचं कलम कसं लिहावं? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला रामबागेत राहतो. आमच्या भागातली काही जुनी मराठी घरं मिळून एक निवेदन तयार करतोय. मागणी एकच: मालक स्वतः ज्या घरात राहतो, त्याचा संपत्तीकर (तुमच्याकडची घरपट्टी) एका वर्षात ठरावीक टक्क्यांच्या वर वाढू नये. मसुदा माझ्याकडे आलाय. बाकी सगळं लिहून झालं, पण एका कलमाशी चार दिवस अडकून बसलोय.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मध्य प्रदेशात हा कर घराच्या वार्षिक भाडेमूल्यावर बसतो. घर कुठल्या भागात आहे, बांधकाम कसलं, क्षेत्रफळ किती, त्यावरून भाडेमूल्य ठरतं. मालक स्वतः राहत असेल तर निम्मी सूट मिळते. ती सूट चांगलीच आहे, पण भाग वधारला की उरलेला निम्माही वाढतो.

आमच्या शेजारच्या काकू ७८ वर्षांच्या आहेत. कवेलूचं घर, पुढे ओटा, उत्पन्न म्हणजे फॅमिली पेन्शन. त्यांना घर विकायचंच नाहीये, मग त्याची किंमत वाढून त्यांच्या हातात काय पडतं? मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून करमाफी आहे, पण तसा नियम इथे आला तरी काकूंच्या कामाचा नाही. जुन्या घराच्या ओसऱ्या आणि माजघरच तेवढं भरतं.

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो, त्याच्याकडून तिथली पद्धत नीट समजून घेतली. १९७८ साली तिथे लोकांनी मतदान करून ‘प्रपोझिशन १३’ आणलं. मूळ कर घराच्या आकारणीच्या (म्हणजे करासाठी धरलेल्या किमतीच्या) १ टक्का, आणि ती आकारणी वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. घर विकलं गेलं की मात्र बाजारभावाने नव्याने आकारणी. म्हाताऱ्या माणसांची घरं त्यामुळे वाचली हे खरं. पण एकाच रस्त्यावरच्या सारख्या घरांच्या करात प्रचंड तफावत पडली. लॉस एंजेलिसमध्ये नव्याने घर घेतलेल्या एका बाईंना शेजाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट कर लागला. त्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि १९९२ मध्ये हरल्या. हे वाचल्यापासून मला आमच्या मागच्या बिल्डिंगमधली, हप्ते भरून फ्लॅट घेतलेली तरुण जोडपी दिसतात. त्यांच्या खिशातून काकूंना सवलत द्यावी असं मला वाटत नाही.

आता अडलेलं कलम. घर वारसांकडे गेलं की मर्यादा चालू ठेवायची की संपवायची?

गेल्या रविवारी काकूंनी पावत्यांचा पत्र्याचा डबा काढला. नाडीने बांधलेला गठ्ठा, खालच्या पावत्या घडीवर फाटलेल्या. वरच्या ताज्या पावतीवर नाव कोणाचं, तर सासऱ्यांचं. त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली. मी म्हटलं, काकू, नामांतरण (म्हणजे नोंदीत वारसाचं नाव लावणं) करून घेऊ या. तर म्हणाल्या, “राहू दे रे. सगळीकडून नाव गेलं त्यांचं, इथे तरी असू दे.”

आमच्या गल्लीत अशी घरं एक-दोन नाहीत. म्हणून “मालक बदलला की मर्यादा संपेल” असं लिहिलं, तर नामांतरण कोणी करणारच नाही. आजोबांच्या नावावर पणतू कर भरत राहतील आणि कज्जे वाढतील. उलट “वारसांना कायम लागू” लिहिलं, तर पुण्या-बंगळूरला राहून इथलं घर भाड्याने देणारा नातूही काकूंच्या नावची सवलत घेणार. कॅलिफोर्नियाला हेच निस्तरावं लागलं. मुलांना जुनी आकारणी मिळायची ती २०२० च्या ‘प्रपोझिशन १९’ ने आवळली, आता मूल स्वतः त्या घरात राहिलं तरच मिळते.

मी तूर्त असं लिहिलंय: वारस स्वतः राहत असेल आणि वर्षाच्या आत नामांतरण केलं, तर मर्यादा पुढे चालू. पण चार भावांत घर आलं, एक तिथे राहतो, तिघे बाहेर, तर काय? राहणाऱ्याच्या हिश्श्यापुरती द्यायची की पूर्ण घराला? वाटणीपत्र झालेलं नसेल तर हिस्सा ठरवायचा कोणी?

दुसरा प्रश्न टक्क्यांचा. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला अट घातली की मालमत्ता कराची वसुली राज्याच्या एकूण स्थूल उत्पादनाच्या (GSDP) वाढीच्या बरोबरीने वाढली पाहिजे. म्हणून २ टक्के मागितले तर निवेदन पहिल्याच टेबलावर बाजूला पडेल, अशी मला भीती आहे. शिवाय रोज सकाळी दारात कचरागाडी येते, तिचा खर्च मलाही कळतो. आमच्यातले काही जण ५ वर ठाम आहेत, मी महागाईच्या दराला बांधून घ्या म्हणतोय.

तिसरं, काही ठिकाणी ज्येष्ठांचा कर माफ न करता पुढे ढकलतात आणि घर विकताना एकदम वसूल करतात. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये ५५ च्या पुढच्यांना ती सोय आहे. मला हा मार्ग मर्यादेपेक्षा न्याय्य वाटतो. पण घरावर बोजा चढणार म्हटल्यावर काकू सही करतील का, हे त्यांना विचारायचा धीर होत नाहीये.

वाटणी-नामांतरणाची कामं केलेले कोणी वकील किंवा निवृत्त महसूलवाले इथे असतील, तर चार भावांच्या कलमाची भाषा सुचवा. बडोदा-ग्वाल्हेरच्या मंडळींनी आपल्याकडे वारसनोंदीला किती दिवस लागतात तेही सांगा, म्हणजे ती वर्षाची मुदत पुरेल का ते कळेल. पुढच्या रविवारी कागद सह्यांसाठी घरोघर नेणार आहोत.