बॅच बाद झाली, हे आईबापांना कुणी सांगायचं?

होटगीरोडची_आई:
कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपमुळे मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची वीसहून जास्त लेकरं गेली, बहुतेक पाच वर्षांखालची. त्या एसआर-१३ बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन निघालं ४८.६ टक्के. चालतं किती, तर ०.१ टक्का. ५ ऑक्टोबर २०२५ ला आपल्या राज्याच्या एफडीएनंही (अन्न व औषध प्रशासन) ती बॅच वापरू नका म्हणून सांगितलं. त्यानंतर आणखी काही सिरपं माघारी घेतली गेली. त्यातलंच एक (नाव लिहीत नाही) माझ्या चौदा महिन्यांच्या मुलीला सप्टेंबरअखेरीला दिलेलं होतं.

मुलगी ठणठणीत आहे, खेळतेय. पण बॅच तीच होती का, हे मला आजही माहीत नाही. खोकं कचऱ्यात गेलेलं. बाटलीवरून सिरप ओघळून बॅचचे आकडे पुसले गेलेत. शेवटचे दोन तेवढे दिसतात, तेही उजेडात धरून. बिल मिळालंच नव्हतं.

माझं म्हणणं सरळ आहे. औषध माघारी घेतलं की ज्यानं ते विकलं त्यानं घरी फोन करावा. बातमी बघून आईनं रात्री बारा वाजता डबे उपसत बसायचं, हे बरोबर नाही.

मेडिकल_नवीपेठ:
ताई, काळजी समजते, पण मागणी पटत नाही. कंपनीकडून स्टॉकिस्टला आणि तिथून आम्हाला निरोप येतो. माल बाजूला काढायचा आणि परत पाठवायचा, एवढंच आमच्या हातात. गिऱ्हाईक रिकामी बाटली घेऊन येतं, "हेच द्या" म्हणतं. चिठ्ठी नाही. बिल देऊ का विचारलं तर "राहू द्या, घाईत आहे". त्या माणसाला मी कुठं शोधू?

होटगीरोडची_आई:
दादा, माझ्याकडे चिठ्ठी होती. आणि चिठ्ठीवरचं औषध विकलं की बॅच नंबरासकट नोंद ठेवायची हा नियमच आहे, गिऱ्हाईक घाईत असो नसो. सवलतीसाठी मोबाइल नंबर विचारता, तो कॉम्प्युटरमध्ये असतोच ना? त्याच नंबरावर एक फोन.

जुळे_सोलापूरचा_बाबा:
मला मूळ प्रश्नच वेगळा वाटतो. सर्दी-खोकल्याची औषधं दोन वर्षांखालच्या मुलांना देऊच नयेत, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं ३ ऑक्टोबरला लिहून कळवलंय. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन ही सर्दीची दोन औषधं एकत्र असलेल्या सिरपवर "चार वर्षांखाली नको" असं छापायला २०२३ मध्येच सांगितलं होतं. मग चौदा महिन्यांच्या बाळाला ते लिहून कसं दिलं जातं? फोन कुणी करायचा हे नंतर बघू, आधी चिठ्ठी लिहिणाऱ्याला विचारा. आणि आपणही डॉक्टरांना "काहीतरी लिहून द्याच" म्हणणं थांबवू या.

पूर्वभाग:
बाबा, तुमचं बरोबर असंल, पण घर बघून बोला. आमच्याकडं आई विड्या वळते. सकाळी पानं कातरायची, दिवसभरात हजार भरायच्या, नाहीतर मजुरी कापतात. लेकरू रात्रभर खोकलं तर ती सकाळी सुपापुढं बसणार कशी? सिरप दिलं की पोर झोपतं, म्हणून देतात. त्यातल्या औषधानं गुंगी येते, हे तिला कुणी सांगितलंय? लेबल इंग्रजीत, आमच्या गल्लीत निम्म्या घरांत तेलुगू बोलतात. नियम लिहिले दिल्लीत, ते विडी घरकुलात, आमच्या विडी कामगारांच्या वसाहतीत, कुणी वाचून दाखवायचे? मी ताईंच्या बाजूचा. फोनच पाहिजे. फोनवर आपल्या भाषेत सांगता येतं.

बालवॉर्डातली_सिस्टर:
वाद चालू द्या, पण आधी हे वाचा, कारण घाबरलेले पालक वॉर्डात यायला लागलेत. या विषानं आधी उलट्या आणि पोटदुखी, मग एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत जाते, किडनी थांबते. बाळाला औषध देऊन तीन आठवडे झाले, ते नीट पितंय आणि लंगोट नेहमीसारखा ओला होतोय, तर धोका बहुतेक टळलेला असतो. मन मानत नसेल तर डॉक्टरांना विचारून क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासून घ्या. आणि औषध नुकतंच दिलंय, सहा-आठ तास लंगोट कोरडा आहे, मूल मलूल आहे, तर बॅच शोधत बसू नका, सरळ सिव्हिल गाठा. बाटली सोबत घ्या.

एक राहिलंच. सिरप बंद केलं म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. आज्यांना वाईट वाटतं, पण नकोच.

निवृत्त_मास्तर:
१९८६ ला मुंबईच्या जेजे रुग्णालयात चौदा रुग्ण ह्याच विषानं गेले. तेव्हा ते ग्लिसरीनमध्ये होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला, जाडजूड अहवाल आला. स्वस्तातलं औद्योगिक रसायन औषधात जातं, कारण कच्च्या मालाचा प्रत्येक पिंप तपासला जात नाही. दुकानदार आणि आई यांना भांडायला लावून कारखानदार मोकळा सुटतो, हे मला खटकतं.

मेडिकल_नवीपेठ:
मास्तरांशी सहमत. ताई, ज्याचा नंबर आमच्याकडं आहे त्याला फोन करायला हरकत नाही, एवढं मानतो. पण कायद्यानं सक्ती नको. एका चुकलेल्या फोनपायी लायसन्स जाणार असेल तर छोटी दुकानं नंबर घेणंच बंद करतील.

होटगीरोडची_आई:
सक्ती हवीच, दादा. मर्जीवर सोडलं तर विडी घरकुलात फोन जाणार नाही, आमच्या होटगी रोडला येईल. मास्तर, कारखानदाराला शिक्षा व्हावीच, पण त्याला वर्षं लागतील आणि बाटली आज घरात आहे. सासूबाई ती मोरीत ओतायला निघाल्या होत्या, मी थांबवलं. झाकण चिकटपट्टीनं बंद करून, चिठ्ठीसकट पिशवीत ठेवलीय. एफडीएच्या १८००२२२३६५ वर कळवलंय, सोमवारी औषध निरीक्षकांकडे नेऊन देणार. ज्यांच्या घरी असं सिरप आहे त्यांनी ओतून टाकू नका. आणि दादा, तुमच्या दुकानातून ते कुणाला गेलंय, ते आज रात्री कॉम्प्युटरवर बघा.