इटलीत टेबल मागताना इटालियन बोलावं का? (चर्चा)

फिरस्ती:
मंडळी, जूनमध्ये फिरेन्झेला (म्हणजे फ्लॉरेन्सला) गेलो होतो, मी, नवरा, लेक आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे पार गेलेत. साडेसातला एका छोट्या त्रात्तोरियात, म्हणजे साध्या घरगुती खानावळीत, शिरलो, नवऱ्याने चार बोटं दाखवून 'टेबल, प्लीज' म्हटलं आणि वेटरने सरळ तळघराच्या जिन्याकडे हात केला. सासूबाई कठडा धरून उभ्याच राहिल्या. मग मी पाठ केलेलं म्हटलं, 'बुओनासेरा, सियामो इन क्वात्त्रो. मिया सुओचेरा नोन प्वो फारे ले स्काले. पोत्रेम्मो सेदेर्ची क्वी?' म्हणजे नमस्कार, आम्ही चौघं आहोत, सासूबाईंना जिना जमत नाही, इथे बसता येईल का. त्याने दाराजवळची दोन छोटी टेबलं जोडली, स्वतः खुर्ची ओढून 'प्रेगो, सिन्योरा', बसा बाई, म्हणाला. माझं तर ठाम मत झालंय, जाणाऱ्याने एवढी वाक्यं शिकूनच जावं.

ठाण्याचा:
ताई, नाही पटलं. तुमचं काम सासूबाईंकडे बघून झालं असतं, हेच इंग्रजीत नीट सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं असतं. रोम, फिरेन्झे, व्हेनिस, टुरिस्ट भागात वेटर लोक इंग्रजी बोलतात. मी रोममध्ये 'आवेते उन तावोलो पेर दुए?', दोघांसाठी टेबल आहे का, विचारलं, त्याने भराभर काहीतरी विचारलं, शेवटचे शब्द 'देन्त्रो ओ फुओरी' एवढेच कळले, मी नुसता बघत राहिलो आणि मागे रांग. आत की बाहेर एवढंच विचारत होता बिचारा. प्रश्न पाठ करून उत्तर कळणार नसेल तर समोरच्याचाच वेळ जातो, त्याला मी सभ्यपणा नाही म्हणत.

शब्दवेडी:
दादा, मग उत्तरातले चार शब्दही पाठ करायचे की! आणि सभ्यपणा क्रियापदात असतो हो. आपण हॉटेलात 'कृपया' म्हणतो का कधी? 'टेबल पाहिजे' आणि 'टेबल मिळेल का' यातच सगळं येतं. तिकडेही तसंच, 'वोल्यो' म्हणजे मला हवंय, ते हुकूम सोडल्यासारखं लागतं, 'वोर्रेई' म्हटलं की मऊ होतं. नुसतं 'पेर फावोरे', म्हणजे प्लीज, चिकटवून ते येत नाही.

मिलानोकर:
मी इथे नोकरीला आहे म्हणून सांगतो, तुम्ही सगळे वाक्यांवरच अडलाय. आपले लोक येतात, रिकामं टेबल दिसलं की जाऊन बसतात, तिथे 'रिझेर्वातो'ची पाटी असते, मग उठवलं की अपमान वाटतो. आधी दारात थांबा, 'बुओनासेरा' म्हणा, तो विचारेल 'आवेते प्रेनोतातो?', म्हणजे बुकिंग आहे का. असेल तर 'आ नोमे' आणि पुढे आडनाव, नसेल तर 'नो, चे पोस्तो?', नाही, जागा आहे का, एवढं पुरे. एवढं पाळलंत तर पुढचं इंग्रजीतही चालतं. आणि बारमध्ये, म्हणजे इथल्या कॉफीच्या दुकानात, कॉफी काउंटरला उभ्याने घेतली तर एक दर, टेबलावर बसलात तर बऱ्याचदा जास्त, तिथे काउंटरला घेतलेला कप घेऊन खुर्ची अडवू नका, फार वाईट दिसतं.

फिरस्ती:
मिलानोकर, दारात थांबायचं शंभर टक्के मान्य. पण ठाण्याचे दादा, सासूबाईंकडे बघून झालं असतं म्हणता, तर त्या आधीही तिथेच उभ्या होत्या की, तरी त्याने जिनाच दाखवला! आणि इंग्रजीत नुसती 'नो स्टेअर्स' अशी मागणी झाली असती. त्याच्या भाषेत विचारलं तेव्हा तो थांबला आणि त्याने सासूबाईंकडे नीट पाहिलं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

ठाण्याचा:
ठीक आहे, नमस्कार आणि नाव सांगणं शिकेन, त्यापुढे मी इंग्रजीच बोलणार, माझं मत तेच. पण सप्टेंबरात व्हेनिसला चाललोय, दीड वर्षाचा मुलगा आहे, त्याच्या उंच खुर्चीला काय म्हणतात?

मिलानोकर:
सेज्जोलोने. 'आवेते उन सेज्जोलोने पेर इल बाम्बीनो?' दारातच विचारा, टेबलावर बसल्यावर नाही, म्हणजे ते जागा तशी देतात.