शब्दचर्चा: बायोस हार्ड डिस्क ‘ओळखत नाही’ म्हणावं का?

गिरगावातून प्रश्न:
आमच्या वाचनालयातल्या जुन्या संगणकाला १६० जीबीची हार्ड डिस्क लावली. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारी आज्ञावली) १३७ जीबीच दिसते. लॅमिंग्टन रोडवरच्या संगणकाच्या दुकानात विचारलं तर म्हणाले, ‘बायोस ओळखत नाही.’ पण बायोस डिस्कचं नाव, मॉडेल नंबर सगळं बिनचूक दाखवते! मग न ओळखणं कसलं? संगणकाशेजारी मराठीत सूचना लावायची आहे, म्हणून विचारते. आणि ‘कपॅसिटी’ला क्षमता लिहू की धारकता?

दादर:
‘धारकता’ नको, त्या शब्दाने विजेचा कपॅसिटर डोळ्यांपुढे येतो. बोलताना आपण ‘केवढ्याची?’ विचारतो आणि ‘एकशेसाठची’ म्हणतो. लिहायला ‘साठवणक्षमता’ पुरे. ‘ओळखत नाही’ हे केबल सैल असली, जंपर (डिस्कवरची जोडणी ठरवणारी छोटी खूंटी) चुकला आणि डिस्क दिसलीच नाही, तर बरोबर. तुमच्याकडे तसं झालेलं नाही.

मुलुंड:
ताई, इथे ‘पल्ला’ शब्द चपखल बसेल. डिस्कवर ५१२ बाइटांचे कप्पे असतात, त्यांना सेक्टर म्हणतात, आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. जुनी बायोस तो क्रमांक २८ बिटांत, म्हणजे ० किंवा १ अशा २८ अंकांत लिहिते. २८ बिटांत २६,८४,३५,४५६ क्रमांक होतात. गुणिले ५१२ केलं की १३७ जीबी. पुढचे कप्पे डिस्कवर आहेत, पण त्यांना हाक मारायला आकडाच उरत नाही. म्हणजे डिस्क ओळखीची, पण टोकापर्यंत हात पोहोचत नाही. स्टेशनवर रोज ‘लांब पल्ल्याच्या गाड्या’ ऐकतो, तोच हा पल्ला. शिवाय धान्याच्या जुन्या मापातही पल्ला होता, १२० शेरांचा. अंतर आणि माप दोन्ही एका शब्दात, यापेक्षा काय हवं?

उपाय: बायोसची नवी आवृत्ती मिळाली तर ती घाला, नाहीतर ४८ बिटांचा क्रमांक समजणारं पीसीआय कंट्रोलर कार्ड (डिस्क जोडण्यासाठी संगणकात बसवायचं वेगळं कार्ड) लावा. विंडोज एक्सपी असेल तर किमान सर्व्हिस पॅक १ (विंडोजच्या सुधारणांचा पहिला संच) हवा. हे न करता १३७च्या पुढे लिहायचा प्रयत्न कृपा करून करू नका. क्रमांक फिरून शून्याकडे येतो आणि डिस्कच्या सुरुवातीची माहिती पुसली जाऊ शकते.

गिरगाव:
काका, पल्ला पटला. पण विंडोज तर १२८ म्हणतं?

मुलुंड:
जागा तेवढीच, माप वेगळं. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १,०२४च्या. मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहून जड, तसंच हे. सूचनेत एकच आकडा द्या, बायोसचा.

गिरगाव:
मग असं लिहिते: ‘या संगणकाचा पल्ला १३७ जीबीपर्यंत आहे. त्याहून मोठी डिस्क लावण्याआधी ग्रंथपालांना विचारा.’

दादर:
‘हार्ड डिस्कच्या बाबतीत’ एवढं आधी जोडा. नुसता ‘संगणकाचा पल्ला’ वाचून मुलं गोंधळतील.