मुलांना सायकलचं पंक्चर काढायला शिकवायचं कसं?

भिंगरी:
मुलगा १३ वर्षांचा. चाक बसलं की "हवा गेली" एवढं सांगून सायकल भिंतीला टेकवतो आणि मोकळा होतो. किट, पंप घरात आहे. शेजारी उभं राहून एकेक पायरी सांगितली तर करतो, पण पुढच्या वेळी पाटी कोरी. सुरुवात कुठून करावी? मदत किती करावी?

वॉलट्यूब:
पायऱ्या सांगणं बंद करा. त्याच्यापुढे एकच प्रश्न ठेवा: हवा जातेय कुठून? पोरं पंक्चर गृहीत धरून थेट टायर उघडायला बसतात. आधी हवा भरून वॉलच्या (हवा भरायची नळी) तोंडाला थुंकीचं बोट लावायला सांगा. बुडबुडा आला तर टायरला हातही लावायचा नाही. साध्या सायकलच्या वॉलवर रबराची बारीक नळी असते. ती चिरली किंवा कडक झाली की हवा हळूहळू जाते. नवा तुकडा चढवला की झालं.

बुडबुडा नसेल तरच ट्यूब बाहेर. चाक काढायची गरज नाही, टायरची एक बाजू रिमबाहेर आली की पुरे. मात्र ट्यूब ओढण्याआधी वॉलपाशी टायरवर खडूने खूण करायला लावा. कशाला ते सांगू नका.

ट्यूबमध्ये थोडी हवा भरून वीतभर-वीतभर पाण्यात बुडवायची. भोक सापडलं की वॉल त्या खुणेसमोर धरून ट्यूब टायरला लावून बघायची, म्हणजे काटा टायरमध्ये नेमका कुठे असेल ते कळतं. खडूची खूण कशाला होती हे तिथे त्याचं त्याला उमगतं. काटा सापडला नाही तर भोकाची जागा बघायला सांगा. रिमच्या बाजूला असेल तर स्पोकचं टोक किंवा सरकलेली रिमपट्टी (स्पोकची टोकं झाकणारी). शेजारी-शेजारी दोन भोकं म्हणजे हवा कमी असताना खड्ड्याच्या कडेला आपटलंय, तिथे काटा शोधत बसू नये.

काचपेपर:
वरच्याशी सहमत. मुलांचं खरं बिघडतं ते पॅच लावताना. भोकाभोवती पेनाने छोटा गोल करतात आणि काचपेपर मारताना तो पुसला जातो. लांब रेघांची फुली मारावी, मधला भाग पुसला तरी टोकं उरतात. सोल्यूशन (पॅच चिकटवायचा गोंद) पॅचपेक्षा मोठ्या जागेवर, पातळ. मग पाचेक मिनिटं थांबायचं, बोटाला ओलं लागेनासं होईपर्यंत. ओल्यावर पॅच दाबला की कडा सुटतात. ही पाच मिनिटं १३ व्या वर्षी फार जड जातात! (खिडकी उघडी ठेवा, सोल्यूशनचा वास डोक्यात जातो.)

टायर परत बसवताना सुरुवात चाकाच्या पलीकडच्या, वॉलच्या विरुद्ध टोकाला, शेवट वॉलपाशी. उलटं केलं तर शेवटची चार बोटं बसता बसत नाहीत, मग लिव्हर (टायर उचकटायची पट्टी) घालतात आणि नवीन भोक पाडतात.

तिसरापाय:
मदत किती, यावर. वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये ३ ते ५ वर्षांच्या मुलांना २१ लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला दिला होता. शिकवणारीचा नियम असा: जमतंय तोवर गप्प, अडलं तर आधी तोंडाने, तेही कळलं नाही तरच हाताने. पंक्चरला हाच लावा. "ट्यूबचा कुठला भाग अजून पाण्यात गेला नाही?" हे चालेल. "तिथे बघ, वॉलजवळ" हे नको.

आणि हे सकाळी शाळेच्या घाईत करू नका. रविवारी, जुन्या ट्यूबला टाचणीने भोक पाडून.

भिंगरी:
धाकटी ९ वर्षांची आहे, तिला बसवू का सोबत?

वॉलट्यूब:
शोधायला जरूर बसवा. लिव्हरला तिच्या हातात जोर पुरणार नाही, तेवढं थोरल्याकडून करून घ्या.